तपासणीच्या टेबलावर कोण बसणार?

सड्यावरचा वारा:

मंडळी, हा धागा काढावा की नाही यात महिना गेला. शेवटी काढतोय, कारण मनातून जात नाही.

आमचा विमानांच्या मॉडेल्सचा छोटा गट आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे इकडचे वीस-पंचवीस जण. दरवर्षी भात कापून झालं की सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या कातळावर, एक दिवसाची स्पर्धा भरवतो. फी नावापुरती, बक्षीस म्हणजे एक चषक आणि बाल्साच्या (मॉडेलच्या हलक्या लाकडाच्या) चार फळ्या. पंच, वेळ मोजणारे, चहा आणणारे, सगळे आपलेच. कुणाला एक रुपया मिळत नाही.

यंदा तपासणीच्या टेबलावर मी होतो. इलेक्ट्रिक ग्लायडर मोटरनं वर चढवायचा, मग मोटर बंद करून जास्तीत जास्त वेळ तरंगत ठेवायचा. त्याला आमचे चारच नियम: पंख टोकापासून टोकापर्यंत २ मीटरच्या आत, वजन दीड किलोच्या आत, बॅटरी ३ सेलची, मोटर ३० सेकंद. सकाळी सगळी मॉडेल्स मोजली, शेपटीवर हिरवा स्टिकर लावला. दुपारी अंतिम फेरीत एक ग्लायडर असा सरळ चढला की शेजारचे दोघे-तिघे माना वर करून बघतच राहिले. तो उतरला तेव्हा मी जवळच होतो. मालक वाकून बॅटरी काढत होता. बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या प्लगला पाच वायरी होत्या. ३ सेलला चार असतात, पाच म्हणजे ४ सेल.

मी पाहिलं. मी पाहिल्याचं त्यानं पाहिलं. आणि मी काही बोललो नाही. गेली दहा वर्षं मंडप आणि खुर्च्या तो फुकट देतो, माझ्या आईच्या आजारपणात रात्री गाडी घेऊन आला होता. तोंड उघडेना. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. दुसरी आलेली मुलगी बारावीत आहे, नऊ सेकंदांनी मागे राहिली.

आता पुढच्या वर्षी टेबलावर बसायला कुणी तयार नाही. मीसुद्धा नाही. नियम लिहायला सगळे पुढे असतात, लावायचा कुणी? तुमच्याकडे कसं करतात?

कुळागर:

तुम्ही तिथंच बोलायला हवं होतं. एवढंच म्हणतो.

डिझेल इंजिन:

कुळागर, बोलणं सोपं असतं तर त्यांनी धागा काढला नसता. टेबलावर बसलेल्या माणसाला संध्याकाळी त्याच माणसांबरोबर जेवायचं असतं.

माझं वय आता सत्तरीच्या पुढे. आम्ही कंट्रोल लाइन उडवत होतो. दोन पोलादी तारा, पंधरा-सोळा मीटर, हातात हँडल, आणि मॉडेल आपल्याभोवती गोल फिरतं. इंजिन अडीच सीसीचं डिझेल, म्हणजे ईथर, केरोसीन आणि एरंडेल. एरंडेलाचा वास शर्टातून दोन धुण्यांतही जात नसे.

त्यात एक नियम होता, ओढ-चाचणीचा. उडवण्याआधी हँडल खुंटीला अडकवायचं, मॉडेलला स्प्रिंगचा काटा लावायचा आणि वजनाच्या दहापट ओढायचं. नवीन मुलांना वाटायचं, एवढं कशाला? हिशेब करा. सोळा मीटरच्या तारेवर मॉडेल ताशी ८० किलोमीटरनं फिरत असेल तर नुसतं सरळ उडताना तारांवर त्याच्या वजनाच्या तिप्पट ओढ येते. गिरकीत, झटक्यात त्याहून जास्त. तार जुनी असेल, गाठीपाशी गंज असेल, तर ती कुठं तुटेल याचा नेम नाही. इकडची खारी हवा पोलादाला किती दिवस ठेवते ते तुम्हाला माहीतच आहे.

एका सकाळी घाई होती, मॉडेल माझंच होतं, काटा आणणारा मुलगा आला नव्हता. मी म्हटलं, काल तर ओढून बघितलं होतं. तिसऱ्या फेरीला हँडलपाशी एक तार सुटली. मॉडेल आत वळलं, माझ्या डोक्यावरून गेलं आणि मागच्या बांधावर आपटलं. त्या बांधावर पाच मिनिटांपूर्वी शेजारची दोन पोरं बसली होती. ती पाणी प्यायला उठली म्हणून. त्यानंतर मी कुणाच्या भिडेला बळी पडलो नाही. सख्ख्या भावाचं मॉडेल ओढलं आणि तार तुटली, तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला.

माझं मत असं, की आधी नियमांचे दोन ढीग करा. ज्यानं माणसाला इजा होईल तो एक, ज्यानं फक्त निकाल बदलेल तो दुसरा. पहिल्यात सूट नाही, चर्चा नाही. दुसऱ्याचं काय करायचं ते बसून ठरवा.

सोलकढी:

काका, बांधावरची पोरं वाचून काळजात धस्स झालं.

वजनकाट्याचा एक अनुभव सांगते. माझ्या मुलाच्या स्पर्धेत (गाव सांगत नाही) आयोजकांचा काटा ऐनवेळी बंद पडला. कुणीतरी पळत जाऊन बाजारातून मासळीवालीचा काटा घेऊन आलं. ती बायसुद्धा काट्याबरोबर आली, काटा सोडून राहायला तयार नव्हती. मग तीच वजनं करायला बसली. एका मुलाचे बाबा म्हणाले, “अगो, वीस ग्रॅमचाच प्रश्न आहे, सोड ना.” ती म्हणाली, “बांगड्याला सोडीत नाय, तुजो कागुद कसो सोडूं?” सगळं मैदान हसलं, आणि त्या दिवशी पुन्हा कुणीही वाद घातला नाही.

सड्यावरचा वारा, तिचं एकाही स्पर्धकाशी नातं नव्हतं, म्हणून तिला ते जमलं.

मांडवीपार:

सोलकढीताईंनी नेमकं सांगितलं. टेबलावर बाहेरचा माणूस बसवा. आमच्याकडे पतंगवाल्यांच्या गटातली दोघं येतात, त्यांच्या दिवशी आम्ही जातो.

पण मला मूळ नियमच पटत नाही. “३ सेल” हा नियम कशासाठी? कुणी फार उंच जाऊ नये म्हणून. मोटरचे फेरे व्होल्टच्या प्रमाणात वाढतात आणि तोच पंखा (प्रोपेलर) फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात. ३ चे ४ सेल केले की कागदावर सव्वादोन पटीहून जास्त शक्ती. प्रत्यक्षात थोडी कमी, तरी ३० सेकंदांत केवढा फरक पडेल बघा. मग बॅटरी कशाला मोजता? उंचीच मोजा.

जागतिक पातळीवर एफएआयच्या (हवाई खेळांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) एफ५जे या इलेक्ट्रिक ग्लायडरच्या प्रकारात तेच करतात. प्रत्येक मॉडेलमध्ये काही ग्रॅमचं उंचीमापक यंत्र असतं, हवेच्या दाबावर चालणारं. मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद. मोटर बंद झाल्यावर पुढच्या १० सेकंदांपर्यंत जी सर्वांत जास्त उंची गाठली, ती यंत्र नोंदवतं. २०० मीटरपर्यंत दर मीटरमागे अर्धा गुण वजा, त्यावर दर मीटरला तीन गुण. म्हणजे दांडगी मोटर लावून वर गेलात तर तुमचेच गुण जाणार. तिथं हुशारी असते ती खालीच मोटर बंद करून उष्ण हवेचा झोत शोधण्यात. घार कुठं घिरट्या घालते ते बघून लोक तिकडे वळतात. वायर मोजण्यापेक्षा हे किती सुंदर!

आधी आनंद:

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

वीस-पंचवीस माणसं आहेत. त्यातली निम्मी कामावरून सुट्टी काढून येतात. यंत्रं, बाहेरचे पंच, ओढ-चाचण्या करत बसलात तर पुढच्या वर्षी बारा येतील. मी एका गटात हे डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या वर्षी चाळीस मॉडेल्स. मग कुणीतरी जाडजूड नियमावली छापून आणली, सकाळचे तीन तास तपासणीत गेले, उन्हं चढली, वारा सुटला, मुलं कंटाळून घरी गेली. तिसऱ्या वर्षी नऊ जण आणि त्यातले पाच समितीतले. नियमांनी खेळ वाचतो हे खरं, पण माणसंच आली नाहीत तर नियम लावणार कुणाला?

नऊ सेकंदांसाठी दहा वर्षांचा मित्र तोडायचा का, हा माझा मनापासूनचा प्रश्न आहे.

कुळागर:

आनंदभाऊ, त्या मुलीनं पुढच्या वर्षी यायचं का, हाही प्रश्नच आहे.

तिसवाडीकर:

मांडवीपार यांच्या उंचीच्या मुद्द्याला कायद्याची बाजूही आहे. गोव्यात ती विसरून चालणार नाही.

ड्रोन नियम २०२१ नुसार २५ किलोपर्यंतचं, शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल असेल तर टाइप सर्टिफिकेट (त्या बनावटीचं सरकारी मान्यतापत्र) लागत नाही. पण आकाश कुठलं आहे ते पाहावंच लागतं. हिरव्या भागात ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत. विमानतळाच्या परिघापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूटच, त्यावर पिवळा भाग सुरू, म्हणजे परवानगी आली. आपल्या एवढ्याशा राज्यात दाभोळी विमानतळ आहे, तिथं नौदलाचा तळ. उत्तरेला पेडण्यात मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झालाय. पेडण्यातल्या मित्रांच्या आकाशाचं गणितच बदललं. जो सडा पूर्वी मोकळा होता तो आता नकाशात बघितल्याशिवाय वापरू नये. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडायला पाच मिनिटं लागतात.

म्हणून ४ सेलचा ग्लायडर जेव्हा “सरळ चढला” असं वाचलं, तेव्हा मला चषकाची काळजी वाटली नाही. तो किती मीटरवर गेला, हे त्या दिवशी तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, याची वाटली. डिझेलकाकांच्या पहिल्या ढिगात उंचीही घाला.

सड्यावरचा वारा:

तिसवाडीकर, आमचा सडा दोन्ही विमानतळांपासून १२ किलोमीटरच्या बाहेर आहे, नकाशा दरवर्षी बघतो. पण उंची मोजत नाही, हे कबूल. ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती.

आनंदभाऊंचं म्हणणंही टाकाऊ नाही. आमच्याकडे नऊ वाजता तपासणी सुरू करून साडेदहाला संपवायची असते. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की छोटी मॉडेल्स उडतच नाहीत.

खडू-फळा:

मी हायस्कुलात शिकवतो, त्यामुळे शाळकरी गटाबद्दल लिहितो. तिथं खरी अडचण वजनाची नसते, “मॉडेल कुणी बांधलं” ही असते. सातवीतल्या मुलाचा ग्लायडर बघावा तर पंखाची कड अशी घासलेली की माझा हात तशी घासू शकणार नाही. विचारलं की मुलगा बाबांकडे बघतो. बाबा आकाशाकडे.

पहिली दोन वर्षं मी प्रतिज्ञापत्र भरून घेतलं. “हे मॉडेल मी स्वतः बांधले आहे.” मुलं सही करायची आणि मला वाईट वाटायचं, कारण मीच त्यांना खोटं लिहायला लावत होतो. तिसऱ्या वर्षी कागद बंद केला. आता सगळ्यांना शाळेतच सारखी ३ मिलिमीटर जाडीची बाल्साची फळी, एकच कटर, एक पॉलिश पेपर, थोडी प्लॅस्टिसिन. दोन तास बांधा, मग मैदानावर या. पालकांना चहा दुसऱ्या वर्गात. गेल्या वर्षी जिंकलेल्या मुलीनं नाकाला प्लॅस्टिसिन लावून हातावर तोलून बघितली, थोडी काढली, परत तोलली, चार वेळा. काटा नव्हता, फूटपट्टीही नव्हती. तिचा ग्लायडर एकवीस सेकंद राहिला आणि गवतात असा टेकला की आवाज आला नाही.

तेव्हापासून तपासायला काही उरलंच नाही. सामान आयोजकांचं असेल तर सामानाचे वाद होत नाहीत.

आकाशकंदील:

खडू-फळा सर, आमच्या वाड्यावर आकाशकंदील स्पर्धेला हाच त्रास. घरी केलेला की विकत आणलेला? दरवर्षी भांडण. आता देवळासमोरच्या पेडावर (पारावर) बसून सगळ्यांसमोर बांधायचा. गर्दीही जास्त होते, कारण बांधताना बघायला लोक येतात. दिवाळीत नरकासुराचे पुतळे करणारे मात्र ऐकत नाहीत.

रापण:

नरकासुराचा विषय काढू नका, धागा कुठल्या कुठं जाईल. :)

दोरीच्या, म्हणजे पतंगासारखा दोरीनं ओढून वर चढवायच्या, ग्लायडरबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आम्ही एफएआयच्या एफ१एच प्रकाराचे नियम जसेच्या तसे घेतो: क्षेत्रफळ १८ चौरस डेसिमीटरच्या आत, वजन किमान २२० ग्रॅम, दोरी ५० मीटर. यात “किमान” वजन आहे हे लक्षात ठेवा. हलका ग्लायडर जास्त वेळ तरंगतो, म्हणून लोक वजन कमी करतात.

आता गंमत बघा. बाल्सा आणि वरचा टिश्यू कागद दमट हवेत पाणी पितात. सकाळी सात वाजता दव पडलेलं असताना वजन केलं तर २२१. तेच मॉडेल तीन तास उन्हात राहिलं की २१७. आम्ही एकदा एकच ग्लायडर दिवसभरात चार वेळा तोलला, तेव्हा कळलं. मग त्या माणसाला लबाड म्हणायचं का? त्यानं घरी २२० करून आणलं होतं. आता आम्ही सगळ्यांना सांगतो, ५-६ ग्रॅम जास्तच ठेवा, आणि शेवटच्या फेरीनंतरचं वजन धरलं जाईल.

दोरीचंही तेच. आमच्याकडे बरेच जण मासेमारीची तंगूस वापरतात. तंगूस ताणली की लांबते. सैल धरून ५० मीटर मोजलेली दोरी ओढताना ५३-५४ ची होते, आणि तेवढी उंची फुकट मिळते. म्हणून ताण देऊन मोजायची. आम्ही जमिनीवर ५० मीटरवर दोन खुंट्या ठोकतो, स्पर्धक स्वतः दोरी ओढून लावतो, दुसऱ्या खुंटीच्या पुढे गेली की कात्री. पंचानं काहीच बोलायचं नाही, खुंटी बोलते.

भजनी:

“खुंटी बोलते” फार आवडलं, रापण.

मी विमानं उडवत नाही. पुतण्या उडवतो, त्याच्यामुळे वाचतोय. पण भजन स्पर्धेत पेटीवर तीस वर्षं बसलोय. वेळ संपली की घंटा होते. समोरचा बुवा कितीही मोठा असो, मंदिराच्या अध्यक्षांचा जावई असो, घंटा होते. घंटा वाजवणारा पोरगा अकरावीतला असतो. त्याच्यावर कुणी रागावत नाही, कारण तो घड्याळ बघून वाजवतो आणि सगळ्यांना वाजवतो. एका वर्षी त्यानं एका पथकाला अर्धा मिनिट सोडलं, अभंग रंगला होता म्हणून. त्या वर्षी निकालानंतर पहाटेपर्यंत वाद चालला. वादात अभंग कुणाला आठवत नव्हता.

सड्यावरच्या वाऱ्या, तुम्ही सकाळी सगळ्यांना मोजलंत. दुपारी मात्र एकालाच विचारावं लागणार होतं. सगळ्यांना विचारताना भीड वाटत नाही. एकट्याला विचारताना तो आरोप होतो. दुपारीसुद्धा सगळ्यांना विचारायचं असतं तर तुम्ही गप्प बसला नसता.

डिझेल इंजिन:

बुवा, लाख बोललात.

यावरून आठवलं. २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट येण्याआधी एका फ्रिक्वेन्सीवर दोघांनी एकदम रिमोट चालू केला की विमान पडायचं. म्हणून मैदानावर एक फळी असायची, तिच्यावर कपड्यांचे चिमटे, चिमट्यावर नंबर. चिमटा हातात असल्याशिवाय रिमोटला हात लावायचा नाही. सकाळी सगळे रिमोट टेबलावर जमा. लाखाचं मॉडेल आणणारा असो की दोनशे रुपयांचं, चिमट्यासाठी रांगेत उभा. हा नियम मोडलेला मी कधी पाहिला नाही, कारण मोडला तर नुकसान लगेच आणि डोळ्यांसमोर, कधी आपलंच.

मांडवीपार म्हणतात ते याच जातीचं. मोठी बॅटरी लावली तर तोटा लावणाऱ्याचाच व्हायला हवा.

फेरे आणि व्होल्ट:

३ सेलच्या नियमात अजून एक भोक आहे. बाजारात आता हाय व्होल्टेज लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या मिळतात. साध्या लिपोचा सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट, याचा ४.३५. म्हणजे ३ सेलची साधी बॅटरी १२.६ आणि ही १३.०५. प्लगला वायरी चारच, वर लिहिलेलंही ३ सेल. तुमच्या टेबलावरून ही सरळ पुढे जाईल आणि कुणाची चूकही म्हणता येणार नाही. एफएआयच्या एफ३ए या कसरतींच्या प्रकारात बघा, सेल किती ते न सांगता व्होल्टची मर्यादा घातलीय, ४२.५६. उड्डाणाच्या आधी मीटर लावायचा, आकडा दिसतो. शंभर-दीडशे रुपयांचा बॅटरी चेकर पुरतो.

उंचीमापक सगळ्यांना परवडेल असं समजू नका. शाळकरी मुलाला तो विकत घ्यायला लावणं योग्य नाही. गटानं चार-पाच घ्यावेत आणि अंतिम फेरीला वाटावेत.

एक गोष्ट मात्र उंचीमापक आला तरी सोडू नका: रिमोट बंद केल्यावर मोटर थांबते का ते बघणं. मॉडेल कुणीतरी घट्ट धरायचं, मोटर हळू चालू ठेवायची, रिमोट बंद. पंखा फिरत राहिला तर त्या दिवशी उड्डाण नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. माझ्या हाताला सात टाके आहेत, म्हणून सांगतोय.

पाखरू:

नमस्कार. मी इथं फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. ती दुसरी आलेली मुलगी मी.

मला त्या दिवशी बॅटरीचं काही माहीत नव्हतं. आज हा धागा वाचून कळलं. नऊ सेकंदांचं मला खरंच वाईट वाटत नाही, त्या काकांनी मला सर्वो (शेपटीचे भाग हलवणारी छोटी मोटर) बसवायला शिकवलाय. पण एक गोष्ट सांगते.

स्पर्धेच्या आदल्या रात्री मी पंख मोजले तर २ मीटर आणि ४ सेंटीमीटर भरले. टोकं चिकटवताना माझ्याकडून जास्त झाली होती. बाबा म्हणाले, चार सेंटीमीटर कोण बघतंय. मला माहीत होतं की सड्यावरचे काका टेबलावर आहेत आणि ते माझं मॉडेल बघून हसून पुढे पाठवतील. तरी मी रात्री अकरा वाजता दोन्ही टोकं दोन-दोन सेंटीमीटर करवतीनं कापली. आतल्या बरगडीचा शेवटचा तुकडा गेला. वरचा कागद परत लावायला टिश्यू नव्हता, म्हणून एका बाजूला पतंगाचा लाल कागद लावला. फोटोत माझ्या ग्लायडरचं एक टोक लाल दिसतं ते त्यामुळे. सगळे विचारत होते, हे डिझाइन आहे का.

नियम सगळ्यांना सारखा नसेल तर मला आधीच सांगा. मी लांब पंख घेऊन येईन. सारखा असेल तर मी कापेन. दोन्ही चालेल.

सोलकढी:

पाखरू, बाळा, लाल टोक तसंच ठेव.

आधी आनंद:

पाखरू, माझा आधीचा प्रश्न मागे घेतो. मी एका मित्राचा विचार करत होतो. रात्री अकराला करवत हातात घेतलेल्या मुलीचा केला नव्हता.

माणसं कमी होतील ही काळजी अजून आहे. पण ती तपासणीच्या वेळेची काळजी आहे, तपासणीची नाही. चार गोष्टीच बघा, प्रत्येकाला दोन मिनिटं. जाड नियमावली नको.

सड्यावरचा वारा:

पाखरूचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी त्या ४ सेलवाल्या मित्राकडे गेलो. आधी जायला हवं होतं.

त्यानं धागा वाचला होता. रागावलेला होता. नाव घातलं नाहीस तरी गावाला कळतंच, म्हणाला, आणि ते खरं आहे, त्याबद्दल मी त्याची माफी मागितली. मग त्यानं सांगितलं की सकाळची ३ सेलची बॅटरी दुपारी फुगली होती. पेटीत दुसरी होती ती ४ सेलची. फेरी बुडवायची नव्हती म्हणून लावली. “तू बघितलंस तेव्हा मला वाटलं, आता बोलशील. तू बोलला नाहीस, मग मीही नाही बोललो.” दोघं बराच वेळ ओसरीवर बसलो. त्याच्या बायकोनं चहा आणला, तो गार झाला.

मंडप देणार आहे. उतरणार की नाही ते सांगितलं नाही. चषकाचं मी काढलं नाही, त्यानंही नाही. पण निघताना त्यानं विचारलं, त्या पोरीच्या पंखाला टिश्यू हवा होता तर माझ्याकडे का आली नाही.

गटाची बैठक रविवारी आहे. मी मांडणार ते असं. रिमोट बंद केल्यावर मोटर थांबणं, आणि उंची, यात सूट नाही, त्याच क्षणी उड्डाण बंद. कंट्रोल लाइन परत सुरू केली तर ओढ-चाचणीही यातच. सेलचा नियम काढून टाकायचा, मोटर ३० सेकंद किंवा ९० मीटर, जे आधी होईल तिथं बंद. त्यासाठी पाच उंचीमापक गटाच्या पैशातून. ते येईपर्यंत बॅटरी चेकर, १२.६ व्होल्ट. पंखांसाठी जमिनीवर २ मीटरवर दोन खुंट्या, रापण यांच्यासारख्या. आणि सकाळची तपासणी छोटी करून, प्रत्येक फेरीनंतर पहिले तीन जण मॉडेल घेऊन सरळ टेबलावर येतील, न बोलावता, दरवेळी. शाळकरी गट खडू-फळा सरांच्या पद्धतीनं.

राहिला टेबलाचा प्रश्न. सकाळी मी बसेन. फेरीनंतरच्या तपासणीला बाहेरचा माणूस हवा.

भजनी:

पुतण्याबरोबर मी येईन. मला विमानातलं काही कळत नाही, आकडे वाचता येतात. घंटा आणू का?

रापण:

आणाच, बुवा. पण काटा कुठला? डिजिटल काटा उन्हात तापला की भलतंच दाखवतो. आमचा एकदा दुपारपर्यंत चार ग्रॅम सरकला होता. दर तासाला माहीत असलेलं वजन ठेवून बघावं लागतं.

कुळागर:

माझं वाण्याचं दुकान आहे. अर्ध्या किलोचं लोखंडी वजन आहे, खालच्या शिशात वजनमाप खात्याचा शिक्का. ते घेऊन येतो. आधी फटकन बोललो होतो, आता वजनाच्या बाजूला मीच उभा राहतो.

पाखरू:

काका, बैठक कुठल्या रविवारी आहे? बारावीची प्रात्यक्षिकं आहेत.

सड्यावरचा वारा:

तुझी प्रात्यक्षिकं संपली की कळव. मग तारीख धरू.